मूर्तीचा पत्ता

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ग्रीक-रोमन वस्तूंखालच्या पाट्या नीट वाचल्या तर त्यांचे दोन प्रकार दिसतात. काहींवर मूर्तीचे नाव, काळ, दगडाची जात आणि शेवटी 'फार्नेसे संग्रह' एवढेच असते. काहींवर शेवटी तीन आकडे येतात, उदाहरणार्थ रोमन अंकात सहा, मग बारा, मग दोन. हा पत्ता आहे. पाँपेईच्या सहाव्या विभागातली बारावा घरांचा गट आणि त्यातले दुसरे दार. ज्युझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने १८६० च्या सुमारास राखेखालून निघालेल्या त्या शहराचे नऊ विभाग पाडले, रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या प्रत्येक गटाला क्रमांक दिला आणि उंबऱ्या-उंबऱ्यावर नंबर घातला. अठराशे वर्षांपूर्वी ज्या गावात टपाल येणे बंद झाले होते, त्या गावाला पुन्हा पत्ते मिळाले. संगमरवर, काशाच्या मूर्ती आणि भित्तिचित्रे यांनी हे संग्रहालय खच्चून भरलेले आहे, पण त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हे तीन आकडे आहेत, असे मला वाटते. प्राचीन वस्तू कुठे सापडली हे ठाऊक नसेल तर तिचे अर्धे बोलणे बंद होते, आणि मग आपण तिच्या तोंडी आपलेच बोल घालू लागतो. मराठी वाचकाला हे पटवून देणारा वीतभर उंचीचा पुरावा याच इमारतीत आहे, आणि त्याचे नाते थेट जालना जिल्ह्याशी जुळते.

आधी ज्यांना असा पत्ता नाही त्यांच्याकडे पाहू. ही इमारत सोळाव्या शतकाच्या अखेरीस घोडदळाच्या तबेल्यासाठी उभी राहिली, पुढे दीडशेहून अधिक वर्षे तिच्यात नेपल्सचे विद्यापीठ होते, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी राजाने ती आपल्या संग्रहांसाठी घेतली. त्यातला एक संग्रह वारशाने आला. अलेस्सांद्रो फार्नेसे १५३४ मध्ये तिसरे पॉल या नावाने पोप झाले. त्यांच्या घराण्याने रोममधल्या जुन्या वास्तू उकरून मूर्ती काढल्या आणि आपल्या वाड्यात मांडल्या. घराण्याची वारस एलिझाबेत्ता हिचा मुलगा चार्ल्स १७३४ मध्ये नेपल्सचा राजा झाला, आणि त्याचा मुलगा फर्डिनंड याने हे सारे रोमहून इकडे हलवले. फार्नेसे हर्क्युलिस त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तीन मीटरहून उंच असा हा वीर आपल्या गदेवर रेलून उभा आहे, मान खाली, अंगावर स्नायूंचे डोंगर. त्याच्या पाठीमागे गेल्याशिवाय गोष्ट कळत नाही: उजव्या हाताच्या मुठीत पाठीशी धरलेली सफरचंदे आहेत, म्हणजे काम फत्ते झाले आहे आणि आता तो थकला आहे. दगडावर ग्लायकॉन या अथेन्सच्या शिल्पकाराची सही आहे. मूळ कल्पना मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या लिसिपस या शिल्पकाराची, आणि ते काशाचे मूळ शिल्प आता जगात नाही.

दालनात हा पुतळा अनेकांना फुगवलेला वाटतो, आणि तो तसा वाटणारच. तो या दालनासाठी केलेलाच नव्हता. तो रोममध्ये सम्राट काराकाल्लाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत १५४० च्या दशकात मिळाला. ती स्नानगृहे २१६ मध्ये सुरू झाली, आणि तिथल्या मधल्या सभागृहाच्या कमानी आजच्या दहा मजली घराएवढ्या उंच होत्या. त्या कमानींखाली, खांबांच्या मध्ये, गर्दीने भरलेल्या जागेत माणसाच्या मापाचा पुतळा हरवून गेला असता. व्यायाम करून थकलेल्या लोकांच्या मध्ये थकलेला हर्क्युलिस, ही योजना किती नेमकी होती! फार्नेसे मूर्तींपैकी ज्यांच्याबद्दल एवढे तरी ठाऊक आहे त्यांचे नशीब चांगले. बाकीच्या कितीतरी मूर्तींना नाक, हात, कधी पूर्ण डोके बसवून 'पूर्ण' केले गेले, कारण सोळाव्या शतकातल्या सरदाराला तुटकी मूर्ती वाड्यात नको होती. खुद्द हर्क्युलिसला गुल्येल्मो देल्ला पोर्ता या शिल्पकाराने नवे पाय करून दिले. खरे पाय नंतर सापडले, तरी नवेच अधिक चांगले म्हणून कित्येक वर्षे तेच ठेवले गेले.

दुसरा ओघ जमिनीखालून आला. ७९ साली व्हेसुव्हियसने गाडलेल्या हर्क्युलेनियममध्ये १७३८ मध्ये आणि पाँपेईत १७४८ मध्ये राजाच्या हुकमाने खोदकाम सुरू झाले. त्या कामाला उत्खनन म्हणणे धाडसाचेच. अल्कुबिएर्रे नावाचा लष्करी इंजिनिअर कैद्यांकडून दगडासारख्या घट्ट झालेल्या राखेत बोगदे मारून घेत होता. वस्तू दिसली की बाहेर, आणि बोगदा पुन्हा भरून टाकायचा. भिंतीवरचे चांगले चित्र दिसले की त्याच्याभोवती चौकोन कापून गिलाव्यासकट ते उचलायचे. पाँपेईच्या भिंतींवर असे रिकामे चौकोन आजही दिसतात, आणि त्यांतली चित्रे इथे ओळीने चौकटीत टांगलेली दिसतात. विंकेलमान या जर्मन विद्वानाने १७६२ मध्ये या कारभारावर कडक टीका केली. त्याने सांगितलेली एक गोष्ट विसरता येत नाही: भिंतीवर बसवलेला काशाच्या अक्षरांचा एक लेख सापडला, तेव्हा तो उतरवून घेण्याआधीच अक्षरे उपटून टोपलीत भरून राजाकडे पाठवली गेली. मजकूर काय होता ते मग कोणालाच सांगता येईना. अक्षरे सगळी हाती आली आणि शब्द गेला. जागेची नोंद न करता वस्तू उचलली की काय हरवते, ते याहून स्पष्ट कोणी दाखवू शकत नाही.

त्याच बोगद्यांत कार्ल वेबर नावाचा एक स्विस इंजिनिअर मात्र वेगळे काम करत होता. १७५० मध्ये हर्क्युलेनियमच्या कडेला एक प्रचंड बंगला लागला, ज्याला आज पपायरसांचा बंगला म्हणतात, कारण तिथे जळून कोळसा झालेली सुमारे १८०० ग्रंथगुंडाळ्यांची आणि तुकड्यांची रास मिळाली. अंधारात, मशालीच्या धुरात, वेबरने त्या घराचा आराखडा काढला आणि कोणती मूर्ती कुठे मिळाली ते त्यावर लिहून ठेवले. आज संग्रहालयात या बंगल्याच्या काशाच्या मूर्ती एकत्र मांडल्या आहेत: डोळ्यांत पांढरे-काळे तुकडे बसवलेले, पुढे झेपावणारे दोन तरुण धावपटू, खडकावर बसलेला हर्मीस, झिंगून चुटकी वाजवणारा सॅटर, एका बाजूला उभ्या असलेल्या पाच गंभीर स्त्रिया. वेबरची नोंद नसती तर ही केवळ सुंदर ब्राँझची दुकानदारी झाली असती. नोंद असल्यामुळे कळते की यांतल्या बऱ्याच मूर्ती सुमारे शंभर मीटर लांबीच्या, मधोमध तलाव असलेल्या बागेभोवती उभ्या होत्या. घरात एपिक्युरस या तत्त्वज्ञाचे नाव कोरलेले छोटे शिल्प सापडले, आणि गुंडाळ्यांत त्याच पंथाच्या फिलोडेमसचे ग्रंथ निघाले, म्हणजे मालकाला तत्त्वज्ञानाची आवड केवळ शोभेपुरती नव्हती, हेही जागेच्या आधारे बोलता येते. या आराखड्यावरून पुढे अमेरिकेत मालिबूजवळ तसाच बंगला गेटी संग्रहालयासाठी बांधला गेला, तो १९७४ मध्ये उघडला. मूळ घर बहुतांशी अजून जमिनीखाली आहे. एका माणसाच्या कागदावर ते दोनशे वर्षे टिकून राहिले.

आता संग्रहालयातली सर्वांत गाजलेली वस्तू, अलेक्झांडरचे कुट्टिमचित्र. सहा-बारा-दोन हा पत्ता त्याचाच, पाँपेईतल्या फॉनच्या घराचा. १८३१ मध्ये ते उघडे पडले, १८४३ मध्ये नेपल्सला आणले. जवळजवळ ५.८ मीटर रुंद आणि ३.१ मीटर उंच, काही मिलिमीटरच्या लाखो दगडी तुकड्यांचे. डावीकडून अलेक्झांडर भाला खुपसत आत शिरतो. उजवीकडे रथात उभा असलेला इराणचा राजा दारयुश हात पुढे करून मागे पाहतो, तो अलेक्झांडरकडे नाही, तर भाल्याने भोसकल्या गेलेल्या आपल्या माणसाकडे, आणि सारथी घोड्यांना वळवतो आहे. खाली पडलेला एक सैनिक ढालीच्या चकचकीत पाठीत आपलाच चेहरा पाहतो. पांढरा, पिवळा, तांबडा आणि काळा, एवढ्या चार रंगांच्या छटांत हे सगळे साधले आहे. संग्रहालयात ते वर्षानुवर्षे भिंतीवर उभे राहिले, त्यामुळे आपण ते चित्र म्हणून पाहतो. पण ती जमीन होती. यजमान आणि पाहुणे दोन बागांच्या मधल्या उघड्या दालनात त्याच्या कडेला येऊन थांबत, खाली पाहत. आणि त्या दालनाच्या उंबऱ्यावर, खांबांच्या मध्ये, दुसरी एक पट्टी होती: नाईल नदी, मगर, पाणघोडा, साप, बदके. तीही याच संग्रहालयात आहे. दोन्ही एकत्र ठेवली की इजिप्त ओलांडून अलेक्झांडरकडे जायची वाट दिसते, आणि त्याने वसवलेल्या अलेक्झांड्रियाची आठवण घरमालकाला करून द्यायची होती का, हा प्रश्न विचारता येतो. वेगळी केली की एक युद्ध उरते आणि एक प्राण्यांची पट्टी.

यावर पहिली हरकत साहजिक आहे: सौंदर्याला पत्ता कशाला हवा? फार्नेसे हर्क्युलिस कुठून आला हे ठाऊक नसलेल्या शेकडो चित्रकारांनी त्यावरून हात घडवला. हे खरे आहे, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा तो हक्क कोणी काढून घेऊ नये. पण हर्क्युलिस फुगलेला वाटणे आणि अलेक्झांडर चित्र वाटणे, हेही सौंदर्याचेच निर्णय आहेत, आणि ते जागा न कळल्यामुळे चुकतात. दुसरी हरकत अधिक जड आहे. जागेचे एवढे महत्त्व असेल तर वस्तू हलवल्याच कशाला? तिथेच ठेवायच्या होत्या. याचे उत्तर पाँपेईच देते. १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी पाँपेईवर बाँब टाकले. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पावसाने भिजून ग्लॅडिएटरांचे घर म्हणून ओळखली जाणारी इमारत कोसळली. उन्हापावसात भित्तिचित्रे वर्षागणिक फिकी पडतात. अलेक्झांडर तिथे राहिला असता तर आज किती उरला असता, सांगवत नाही. २००५ पासून त्या घरात त्याची प्रतिकृती बसवलेली आहे, आणि तीच योग्य व्यवस्था आहे. वस्तू हलवण्याला माझा विरोध नाही. ती हलवताना पत्ता सोबत आला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

पत्ता सुटला की काय होते ते पाहायचे तर संग्रहालयातल्या 'गुप्त दालना'त जावे. पाँपेईत ताठ लिंगाच्या आकाराची ताबीजे, घंटा लावलेली तशीच झुंबरे, दुकानावरच्या पाट्या, बागेतल्या मूर्ती भरपूर सापडल्या. १८१९ मध्ये राजकुमार फ्रान्सिस पत्नी-मुलीसह आला, अस्वस्थ झाला, आणि या सगळ्या वस्तू एका कुलूपबंद खोलीत गेल्या. दालन अधूनमधून उघडे-बंद होत राहिले, आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी नीट खुले झाले. आता यातली घंटा मूळ कुठे होती? दाराशी किंवा दुकानाच्या तोंडाशी. नजर लागू नये म्हणून. आपल्या दाराला लिंबू-मिरची, बांधकामावर काळी बाहुली, तसेच काम होते ते. प्रत्येक घरात तिला स्वतःची जागा होती, आणि तिथे ती अश्लील नव्हती. सगळ्या घरांतून काढून एका कुलुपाआड गोळा केल्या, तेव्हा त्या अश्लील झाल्या. खोलीनेच त्यांना अर्थ दिला. पपायरसांच्या बंगल्यातले पॅन आणि बकरीचे संगमरवरी शिल्प इथेच आहे. बागेत बाकीच्या मूर्तींबरोबर उघड्यावर उभे असलेले ते शिल्प आपल्या भावंडांपासून तुटून या खोलीत आले.

आणि याच दालनात, याच कारणाने, एक हस्तिदंताची बाई उभी आहे. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पाँपेईच्या विभाग एक, गट आठ, दार पाच या घरात ती मिळाली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. पायांवर पाय टाकून ती डौलात उभी आहे. गळ्यात भरघोस हार, कमरेला मेखला, पायांत वाळे, आणि हातात मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्यांची चळत. दोन्ही बाजूंना तिच्या मांडीला लागून दोन छोट्या दासी, हातात शृंगाराचे डबे घेतलेल्या. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही. डोक्यात वरून खाली उभे भोक आहे, म्हणजे ती स्वतंत्र मूर्ती नव्हती. कशाचा तरी आधार होती, बहुधा आरशाची मूठ किंवा छोट्या फर्निचरचा पाय. शोध लागताच तिला लक्ष्मी म्हणण्यात आले, आणि 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव चिकटले ते चिकटलेच. पण कमळ नाही, हत्ती नाहीत. सांचीच्या तोरणांवर किंवा कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर ज्या स्त्रिया दिसतात त्यांच्या कुळातली ही यक्षी आहे. सांचीच्या कारागिराला ही देहमुद्रा स्तूपाच्या दारात शोभते असे वाटत होते. इथे तिला लिंगताबिजांच्या शेजारी उभे केले आहे. मंगल आणि शृंगार यांच्यामधली जी भिंत आपल्या परंपरेत त्या काळी नव्हती, ती नेपल्सच्या राजकुमाराने बांधली आणि ही बाई तिच्या नको त्या बाजूला राहिली.

तिचे गाव शोधायचे तर मराठवाड्यात यावे लागते. भोकरदन, जुने भोगवर्धन, इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी पांढरीचे टेकाड खणले, तेव्हा अगदी याच घडणीची, दासी सोबत असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती भग्न अवस्थेत मिळाली. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली छोटी हस्तिदंती मूर्तीही याच नात्यातली. भोगवर्धनचे दानशूर सांची आणि भरहूतच्या लेखांत नोंदलेले आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठण आणि तगर, म्हणजे तेर, येथून गाड्यांनी माल भडोचला येतो असे लिहिले आहे. अर्थात सगळे इतके सरळ नाही. मूर्तीच्या तळाला खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येची, गांधारची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामलाही भारतीय धाटणीच्या हस्तिदंताचा मोठा साठा मिळाला आहे. म्हणून मूर्ती उत्तरेत घडली, असे काही अभ्यासक म्हणतात. पण एका अक्षराने कारखान्याचा पत्ता सिद्ध होत नाही, फार तर वाटेचा होतो. शिवाय क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीबरोबर खरोष्ठी अक्षरे आहेत, आणि त्याच घराण्याचे लेख नाशिक, कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांत आहेत. म्हणजे भडोचच्या बाजारात खरोष्ठी जाणणारा माणूस मिळणे अवघड नव्हते. भोकरदनच्या बाजूने पारडे जड आहे, असेच मला वाटते.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे पत्त्याचे देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले. तेरचा संग्रह गावकऱ्यांना शेतात, पाया खणताना मिळालेल्या वस्तूंतून रामलिंगअप्पा लामतुरे यांनी उभा केला. त्यांच्यामुळे त्या वस्तू वाचल्या, पण कोणत्या थरातून आल्या हे त्या वस्तू सांगू शकत नाहीत. पाँपेईची मूर्ती मात्र ७९ नंतरची असूच शकत नाही. ज्वालामुखीने तिला जी शेवटची तारीख दिली, ती तिच्या मराठवाड्यातल्या बहिणींनाही लागू पडते. उलट दिशेचा पुरावा कोल्हापुरात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत एका घराच्या अवशेषांत काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी ग्रीक धाटणीची मूर्ती होती. ती आज तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. एखाद्या परदेशी संग्राहकाच्या कपाटात ती असती तर तिच्यावर कोणाची नजरही ठरली नसती, इतक्या तशा मूर्ती भूमध्य समुद्राकाठी आहेत. कोल्हापूरच्या त्या घराने तिला अजोड केले.

म्हणून नेपल्सला जाणाऱ्याने आधी पाँपेई पाहावी, संग्रहालय नंतर. उपनगरी गाडीने पाऊणएक तासात पाँपेईला पोहोचता येते. फॉनच्या घराच्या उंबऱ्यावर जमिनीत लिहिलेले लॅटिन स्वागत वाचावे, प्रतिकृतीभोवती फिरावे, भिंतींतले कापलेले चौकोन पाहावेत आणि दारांचे आकडे वहीत लिहून घ्यावेत. मग मेट्रोच्या 'म्युझिओ' स्थानकावर उतरून, मंगळवार टाळून, ते आकडे घेऊन दालनांत शिरावे. वर एका खोलीत पाँपेईची एकास शंभर या मापाची प्रतिकृती आहे, बुचाच्या लाकडाची; फिओरेल्लीच्या देखरेखीखाली १८६१ पासून ती घडू लागली. प्रत्येक भिंतीवरची चित्रे, प्रत्येक फरशीचे नक्षीकाम त्यात नखाएवढ्या आकारात उतरवले आहे, आणि त्यातली कित्येक आज मूळ जागी पुसून गेली आहेत. फॉनचे घर तिथे बोट ठेवून दाखवता येते. हस्तिदंती यक्षीचे घर मात्र शोधूनही मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात जेवढे शहर उघडे पडले होते तेवढेच त्या कारागिरांनी घडवले; तिचे दार तेव्हा अजून राखेखाली होते.